लाल शाई, निळी शाई

ढापणीने भयकथेतला अकरावा शब्द अधोरेखित केला, तेवढ्यात वॉचमनकाका वाचनालयाच्या तळघरातून दोन-दोन पायऱ्या गाळत वर आले.

सुट्टीचा गृहपाठ सोपा होता. भीती घालणारे शब्द लाल शाईने, प्रत्यक्ष घडलेलं निळ्या शाईने. दोन्ही वेगळं केलं की लेखक कसा घाबरवतो ते कळतं, असं बाई म्हणाल्या होत्या. भूगोल सोडून काहीही करायला तयार असलेला तिचा मावसभाऊ बटाट्याही सोबत होता.

वॉचमनकाकांच्या मते खाली एक अतृप्त आत्मा काळीज चिरत भिंत बडवत होता. वाचनालयाच्या कार्यवाहसाहेबांनी भुतांविषयीचं मत लगेच बनवलं: तळघराला कुलूप लावून सोमवारपर्यंत घरी जावं. शनिवारच होता.

ढापणीने वॉचमनकाकांचं बोलणं वहीत उतरवलं आणि लाल शाई फिरवली. आत्मा गेला, काळीज गेलं. निळं उरलं एवढंच: तीन ठोके, थांबणं, पुन्हा तीन ठोके. नव्या कपाटामागून. सकाळी दहापासून.

"बटाट्या, भूत मोजून कशाला ठोकेल?"

बटाट्याचा चेहरा उतरला. कपाटामागे वाचनालयाची पुस्तकं बांधणाऱ्या बाइंडर आजोबांच्या खोलीचं दार होतं. आजोबांना दमा होता.

साहेब म्हणाले, कपाट दहा वाजता आपणच हलवून घेतलं, तिथे ते शोभतं. बाइंडर आज आलेलेच नाहीत, हजेरीच्या मस्टरवर सही नाही.

"ते सही संध्याकाळी करतात," ढापणी म्हणाली. "हात धुतल्यावर. नाहीतर मस्टरला पुस्तकं चिकटवायची खळ लागते."

साहेबांनी हातातल्या कुलपाकडे पाहिलं.

सगळे खाली धावले. तीन ठोके आले. मग दोन. मग काहीच नाही.

कपाट हलेना. ढापणीने कप्पे उपसायला घेतले, बटाट्याने ग्रंथ झेलले, आणि आत्म्याला विसरून वॉचमनकाकांनी खांदा लावला. दार वीतभर उघडलं. फटीतून बटाट्याच आत शिरला, पोट आत घेऊन.

आजोबा जमिनीवर बसले होते. हातात हातोडी, शेजारी संपलेला दम्याचा पंप. बटाट्याने खिडकीवरचे पुठ्ठे ओढून काढले, वॉचमनकाका नवा पंप आणायला पळाले.

अर्ध्या तासाने आजोबांचा श्वास जागेवर आला. साहेब सांगत होते, आपल्याला आधीपासून शंका होतीच.

आजोबांनी मस्टर मागवलं आणि आयुष्यात पहिल्यांदा भरदुपारी, खळीच्या हातांनी सही केली. पानावर अंगठा स्पष्ट उमटला.

"पोरी," ते म्हणाले, "पुस्तकं बांधण्यात माझा जन्म गेला. वाचतेस मात्र तू."