दुपारी तापणारा कॉम्प्युटर

गोंडपिपरीच्या तहसीलसमोरच्या टायपिंगच्या दुकानात तो शिरला, तेव्हा चंदा कॉम्प्युटरच्या डब्यावर थापा मारत होती. कुणाचा तरी अर्ज अर्धा टाईप झाला होता आणि पडदा पुन्हा काळा!

"मारू नका त्याले... आधीच अर्धमेला दिसून राह्यला."

तिनं वळून पाहिलं. खांद्याला पिशवी, घामानं चिकटलेला शर्ट आणि डोळ्यांत हसू. चंद्रपूरहून तहसीलचा प्रिंटर दुरुस्त करायला आलेला हा निकेश. साहेब जेवायला गेले म्हणून सावली शोधत इकडं वळलेला.

"अर्धमेली तर मी होऊन राह्यली," चंदा म्हणाली. "तुमाले समजते का यातलं?"

"पोट त्याच्यावरच भरतो बाई. केव्हा बंद पडते?"

"त्याच्या मनात आलं का."

"सकाळी?"

"सकाळी नाई. सकाळी गुणाचा असते. दुपारी बिघडते."

"अन् पडल्यावर लगेच चालू केला तर?"

"मंग तर अजूनच लवकर पडते..." बोलता बोलता ती थबकली. "गरम होऊन राह्यला का हा?"

निकेश तिच्याकडं पाहतच राहिला. "मी तर व्होल्टेज म्हणणार होतो."

तरी त्यानं पिशवीतला पॉवर सप्लाय जोडून पाहिला. थोड्या वेळानं पडदा पुन्हा काळा. मग मशीन थंड होऊ दिली आणि चालू होता होता एक बटण दाबून निळा पडदा उघडला. त्यात प्रोसेसरची उष्णता आकड्यांत दिसत होती. सत्तर... पंच्याहत्तर... दोघांची डोकी जवळ आली. ऐंशी... चंदानं श्वास रोखला. आकडा चढत गेला आणि फट्कन अंधार!

झाकण उघडलं. पंखा जागेवर होता, पण त्याच्याखालच्या पत्र्याच्या खाचांत पांढरा थरच्या थर. शेजारी नानाजीचं कापूस पिंजायचं दुकान होतं, तिथून उडालेला सगळा कापूस आत जाऊन बसलेला.

"बापा! मे महिन्यात स्वेटर घालून बसला हाय बिचारा!"

चंदा हसली. खळखळून... स्वतःलाच नवल वाटावं अशी. मागच्या खोलीत सुकट निवडत बसलेल्या बायनाबाईनं मान वर केली. लेक धनराज मेंदूच्या तापानं गेल्यापासून आपल्या सुनेचं हसू म्हातारीनं ऐकलं नव्हतं.

निकेशनं ब्रशनं कापूस काढला, प्रोसेसरवरची वाळून गेलेली पेस्ट पुसून नवी लावली. त्या दिवशी कॉम्प्युटर दिवे लागेपर्यंत चालला.

मग निकेश येतच राहिला. कधी तहसीलात काम असायचं, कधी नसायचं.

"पंखा पाहून जातो म्हटलं."

"पंखा ठीक हाय."

"मंग... पंख्याची मालकीण?"

"तिचंही ठीक हाय," चंदा पडद्याकडं पाहत म्हणायची आणि टायपिंगमध्ये तीन चुका करायची.

निकेश येणार असला की कीबोर्डजवळ मोगऱ्याची दोन फुलं दिसायची. ठेवायची बायनाबाई. बोलायची काहीच नाही.

थंडी सुरू झाली तेव्हा तो म्हणाला, "मले नागपूरले नोकरी लागली... चंदा, तू येशीन? लग्न करून?"

बायनाबाईला कळलं तेव्हा तिनं सुनेचं तोंड दोन्ही हातांत धरलं. "जा माय. माहा लेक गेला. तुहं आयुष्य त्याच्या मागं काऊन जावं?"

पण एका सकाळी चंदाला जाग आली, तर म्हातारी अंगणात भिंत चाचपत विहिरीकडं चालली होती. एका डोळ्याचं ऑपरेशन होऊनही तिला अंधुकच दिसायचं. पाणी तर रोज चंदाच आणायची. चुलीवर लहानसं पातेलं चढवलेलं, त्यात मूठभर तांदूळ.

"हे काय करून राह्यली, आई?"

"काई नाई. एकटीले किती लागते, पाहून राह्यली."

चंदा तिथंच उंबऱ्यावर बसली.

"आईले आपल्यासंग नेऊ," तिनं निकेशला सांगितलं. तो घरी विचारून आला, तो पडलेला चेहरा घेऊन. "माही माय म्हणते... सून चालन. पण सुनंची सासू कोणत्या नात्यानं ठेवू?" मग घाईनं म्हणाला, "मी नोकरी सोडतो. इथीच राहतो."

"अन् तुमच्या बहिणी? त्याईची शिक्षणं?"

बाप नसलेल्या घरात तो एकटाच कमावता होता. दोघंही आपापल्या जागी बांधलेले... कुणावर रागवावं?

बसस्टँडवर तो म्हणाला, "एकदा तरी सांग. मनातून नाई म्हणून राह्यलीस का?"

"मनातून नाई म्हटलं असतं त इथी आलीच नसती." चंदा म्हणाली. "मले तुमी आवडता. पयल्या दिवसापासून... हे ऐकून जा. पण लग्न करजा. कोणाची वाट पाहू नका."

गाडी सुटली. तो खिडकीतून पाहत होता... ती मात्र उलट्या बाजूला, आष्टीच्या रस्त्याकडं तोंड करून उभी राहिली, रडताना त्यानं पाहू नये म्हणून.

घरी बायनाबाई दारातच बसली होती. "कधीची तारीख धरली?"

खरं सांगितलं असतं, तर म्हातारीनं स्वतःला कधीच माफ केलं नसतं. चंदानं पदरानं तोंड पुसलं.

"त्यानंच नाई म्हटलं, आई."

म्हातारी जी सुटली! "मेल्याचं तोंड गोड अन् काळीज काळं! विधवा म्हणून खेळला का माह्या पोरीशी?" नानाजीला सांगितलं, अर्ज टाईप करायला येणाऱ्यांना सांगितलं. रोज सांजेला, डोळ्यांत औषध घालून घेताना, ती निकेशच्या नावानं बोटं मोडायची आणि चंदा तिच्या उशाशी बसून मुकाट ऐकायची. एक शब्द त्याच्या बाजूनं बोलली असती, तर सगळंच उघड झालं असतं.

"सांग ना चंदे," एका सांजेला म्हातारी म्हणाली, "असा कसा आवडला होता तुले तो लबाड?"

चंदानं औषधाची बाटली उघडली. तिनं म्हातारीच्या पापणीवर बोट ठेवलं, हलकेच थेंब सोडला.

"चुकलं माहं, आई," ती म्हणाली. "डोळे मिटून घे."