शनिवारची हजेरी

पटलं तर घ्या, नाही तर सोडून द्या. पण ही गोष्ट मी रचलेली नाही. ती माझ्या आईनं, आशाबाईनं, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आहे. आणि कानांनी... कानांचं पुढं सांगतो.

साल एकोणीसशे सत्तावन्न. जानेवारी महिना. गाव आदिलाबाद.

आशा तेव्हा आठ वर्षांची होती.

अमावास्या नव्हती, मध्यरात्र नव्हती. जे घडलं ते भर उजेडात, दुपारी चारच्या सुमाराला.

आशाचे वडील उद्धवराव चहाच्या कंपनीचे विक्रेते होते. बावीस वर्षं एकच नोकरी. सोमवारी पत्र्याची पेटी घेऊन निघायचे. तलमडुगु, बोथ, जिथं बाजार भरेल तिथं स्टो पेटवायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला फुकट चहा पाजायचे. शेतकऱ्याशी मराठी, दुकानदाराशी तेलुगू, तहसीलच्या माणसाशी उर्दू. ज्या खेड्यांत लोक चहाला नाकं मुरडायचे, तिथं त्यांनी चुलीचुलीवर आधण चढवलं.

पण जीव सगळा घरात. कुठंही असोत, शनिवारी चारला दारात हजर. एकदा पुरात गाडी अडली, तर पेटी डोक्यावर घेऊन दहा कोस चालत आले.

दारात आले की चपला काढायच्या आधी ते हजेरी घ्यायचे.

"माय... गयाची माय... गया... आशा..."

एकेकीनं "हाव" म्हणायचं. मगच ते आत यायचे.

ही सवय पोलीस ॲक्शनच्या वर्षीची. रझाकारांच्या भीतीनं त्यांनी घरच्यांना अंधारात पैनगंगेपलीकडे नेलं होतं. पलीकडच्या काठावर असंच नाव घेऊन एकेक माणूस मोजलं होतं. आशा तेव्हा आईच्या पोटात होती.

पुढं छप्पन साली राज्यं नव्यानं आखली गेली. किनवट तालुका मुंबई राज्यात गेला, आदिलाबाद आंध्रात राहिलं. कंपनीनंही आपले भाग नव्यानं वाटले आणि उद्धवरावांना पार वरंगलकडं धाडलं. शनिवार संपला.

जाताना ते घरच्यांना म्हणाले होते, "तुमाले साऱ्यायले तिकडंच घेऊन जातो. तुमच्याबिगर मी राहत नाही."

दोन महिने झाले. मग तार आली.

भर बाजारात चहा ओतता ओतता छाती धरून बसले, ते उठलेच नाहीत. आशाचे मामा नागोराव किनवटहून तिकडं धावले आणि परस्पर अग्नी देऊन आले. घरातल्या कुणी तोंडसुद्धा पाहिलं नाही.

पहिला शनिवार. बारा तारीख.

घरात शेजारपाजारचे बसले होते. एवढा घरवेडा माणूस पाहिला नाही, असं जो तो म्हणत होता. कुणाला त्यांनी आणून दिलेली औषधं आठवत होती, कुणाला त्यांचं हसणं. आशा आजीला चिकटून बसली होती.

अचानक जवळच्या कापसाच्या जिनिंगची घरघर थांबली...

लिंबावरचे कावळे गप्प झाले.

आणि दारातून आवाज आला...

"माय..."

भागाबाई, म्हणजे आशाची आजी, चार दिवस पडून होती. ती ताडकन उठून बसली. तोंड उजळलं.

"हाव बापू. हाय मी."

शेजारच्या मालनबाईनं इकडंतिकडं पाहिलं. बुढी कोणाशी बोलून राह्यली, असं ती हळूच विचारत होती. तिला काहीच ऐकू आलं नव्हतं.

आशाला आलं होतं. तिच्या आईला, जयवंताबाईला आलं होतं. दोघींनी एकमेकींकडं पाहिलं.

मंगळवारी सकाळी आजी उठलीच नाही.

लोक म्हणाले, पोराच्या दुःखानं गेली. कुणाला नवल वाटलं नाही.

दुसरा शनिवार.

जयवंताबाईनं दार लावलं. कडी घातली. आशाला मांडीवर घेतलं. आशाची थोरली बहीण, चौदा वर्षांची गया, मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती.

चार वाजले.

जिनिंग थांबलं...

या वेळी आजीचं नाव नव्हतं. हजेरी दुसऱ्या नावापासून सुरू झाली.

"गयाची माय..."

जयवंताबाईनं पदर तोंडात कोंबला.

"गयाची माय..."

आवाज त्यांचाच. पण त्यात ओलावा नव्हता. बावीस वर्षांत ज्यानं घरात आवाज चढवला नाही, तो माणूस दारावर खेकसत होता. कडी थडथडली. कोनाड्यातला चहाचा डबा खाली पडला आणि पत्ती जमिनीभर पसरली.

मग शांत.

आणि मग, मागच्या अंगणात...

"गया..."

जयवंताबाई धावली. पण लेक ती लेकच. सवयीनं बोलून गेली.

"हाव बाबा."

संध्याकाळपर्यंत गयाचं अंग चुलीसारखं तापलं.

रविवारच्या गाडीनं जयवंताबाईनं दोन्ही पोरींना घेतलं आणि सुतकातच भावाचं घर, किनवट गाठलं. दुसरं राज्य. तिला वाटलं, तिथवर ते येणार नाहीत. तो भाग आता त्यांचा राहिला नाही.

डॉक्टर आले. ताप उतरेना. शुक्रवारी गयानं डोळे उघडणं सोडलं.

तिसरा शनिवार. सव्वीस जानेवारी. सकाळी शाळेच्या पोरांची फेरी निघाली होती, गल्लीत झेंडे लागले होते. नागोराव डॉक्टरांना आणायला गेले होते, घरात खाटेपाशी तिघीच.

दुपारी समोरची आरागिरणी थांबली...

आशाला आधी समजलं. तिनं आईचा हात धरला.

पुढच्या क्षणी जयवंताबाईनं आपल्या दोन्ही तळव्यांनी तिचे कान दाबले. इतके जोरात की हाडं दुखली. आशाला काहीच ऐकू येईना. फक्त दिसत होतं.

दाराच्या चौकटीत कुणी नव्हतं. ऊन होतं.

आई त्या उन्हाकडं पाहून बोलत होती. नवऱ्यासमोर मान वर न करणारी बाई दात-ओठ खाऊन बोलत होती. मानेच्या शिरा फुगल्या होत्या. मध्येच थांबायची, ऐकायची, पुन्हा बोलायची. कितीतरी वेळ.

मग तिचे ओठ हळूहळू हलले. तिनं एकदा मान डोलावली.

आणि हात काढले.

आरागिरणी सुरू झाली. खाटेवरून गयानं पाणी मागितलं.

नागोराव तेव्हा नेमके दारात येऊन ठेपले होते. बहिणीचा शेवटचा एकच शब्द त्यांच्या कानावर पडला.

"कबूल."

काय कबूल? त्यांनी खोदून खोदून विचारलं. जयवंताबाईनं सांगितलं नाही. ती पुढं एकतीस वर्षं जगली. पोरींची लग्नं केली, नातवंडं खेळवली. उद्धवरावांचा फोटो तिनं भिंतीला लावू दिला नाही. ती मरणाला टेकली तेव्हा गयामावशीनं शेवटचं विचारलं, तर तिनं भिंतीकडं तोंड फिरवलं.

गयामावशी पण आता नाही. वयानं गेली.

राहिली माझी आई. आता अठ्ठ्याहत्तरीला आली.

मी तिला एकदा म्हणालो, तुझ्या मायनं तुला वाचवलं.  ती म्हणाली, "सारे तेच म्हणतात. पण मले आजवर समजलं नाही... बाबानं त्या दिवशी माझं नाव घेतलं का नाही? आजीचं घेतलं, मायचं घेतलं, गयाचं घेतलं. माझंच काऊन ऐकू आलं नाही?"

हे बोलताना ती भ्यालेली नव्हती. ती रुसली होती.

गेल्या पावसाळ्यापासून ती शनिवारी दुपारी जेवण झालं की दारात खुर्ची ओढून बसते. आत चल म्हटलं तर येत नाही. रस्त्याकडं कान लावून असते, आणि ओठ असे अर्धवट उघडे... कुणी हाक मारली तर लगेच ओ देता यावी, तसे.

मी शनिवारी कामावर जाणं सोडलं आहे. तिच्या शेजारीच बसतो. चार वाजत आले की तिचे कान झाकायला माझे हात वर येतात.

ती ते झटकून टाकते.