एकही लाइक नाही

पाऊस चुकवायला मी समोर दिसलेल्या इमारतीत शिरले, तर ती निघाली आमच्या टाउनशिपची, म्हणजे गावाची, कचेरी. आत सभा भरली होती. माइकपुढे उभे राहून एक आजोबा मेयरबाईंना तोंडावर सुनावत होते... रस्त्यातले खड्डे तुम्हाला दिसत नाहीत, तुम्ही बिनकामाच्या आहात. बाई शांतपणे म्हणाल्या, "थँक यू. नेक्स्ट."

"अगं बाई..." माझ्या तोंडून निघालं.

शेजारी बसलेला मुलगा हसला. "माझी आई पण सेम असंच म्हणते."

तो कुश. जन्म इथलाच, अमेरिकेतला, पेशाने वकील, आणि देशोदेशीचे इंटरनेटचे कायदे हा त्याचा ध्यास. जर्मनीत नेत्याचा ऑनलाइन अपमान केला तर खटला होऊ शकतो, इंग्लंडमध्ये एखाद्या पोस्टवरून पोलीस दारात येऊ शकतात. इथे मात्र राज्यघटनेनेच सरकारचे हात बांधलेत, असं तो पाऊस थांबेपर्यंत सांगत राहिला. खासगी माहिती जपायची तर युरोपच बरा, हेही. साध्यासुध्या माणसाच्या बोलण्याला कुणी इतकं जपतं, याने मी नागपूरची पोरगी थक्क झाले. आणि खोटं कशाला बोलू, ते सांगतानाच्या त्याच्या डोळ्यांनीही.

मग कॉफ्या झाल्या, तळ्याकाठी फिरणं झालं. तो रोज काहीतरी पोस्ट करायचा आणि मी अक्षर न् अक्षर वाचायचे. लाइक मात्र कधी केलं नाही. आम्हा व्हिसावाल्यांची ही रीतच. अर्जात सोशल मीडियाची खाती विचारतात. उगाच कशाला विषाची परीक्षा?

एका शनिवारी तळ्याकाठीच त्याने सांगितलं, बर्लिनला नोकरी मिळालीय, वर्षभरासाठी. चेहरा मात्र पडलेला.

"तुला काय फरक पडतो," तो म्हणाला. "माझ्या एकाही पोस्टला तुझा लाइक नाही, यार. आय गॉट द मेसेज."

एक बटण दाबलं नाही म्हणून हा माणूस हातचा जाणार होता. मी घाईघाईने आमची रीत सांगितली. तो बघतच राहिला.

"तुला भीती वाटते? इथे?"

"कायदा बोलू देतो रे. व्हिसा द्यायलाच हवा, असं कुठे म्हणतो?"

मी डोळे मिटले आणि...

"इथे कुणी लिहून घेत नाहीये, म्हणून सांगते — तू मला आवडतोस, कुश. खूप."

बोलण्याच्या हक्कावर तासन्‌तास बोलणाऱ्या त्या वकिलाने माझा हात घट्ट धरला, एवढंच.

बर्लिनला तो गेलाच. माझी संध्याकाळ होते तेव्हा तिकडे मध्यरात्र झालेली असते, तरी फोन येतो. साऱ्या जगाशी मोकळेपणी बोलू शकणारा हा माणूस झोप सोडून फक्त माझ्याशी बोलतो, आणि मला अजून ते खरं वाटत नाही.