बुंध्याची गाठ

'संशोधकाने स्वतः बांधलेली गाठ सदोष असल्याने अपघात घडला,' असे चौकशी समितीने ठरवले आणि त्यावर संस्थेचे संचालक कृष्णकांत यांनी सही केली. समितीतला एकही सदस्य जन्मात स्टुलापेक्षा उंच चढलेला नव्हता.

संस्थेत शिकवणाऱ्या कादंबरीने ते वाक्य शांतपणे सोलून काढले. गाठ सदोष असेल, तर ती पहिला भार पडताच सरकते. अपूर्व झाडाच्या शेंड्याजवळ पोचून मग पडला होता. म्हणजे त्याच गाठीने त्याला तिथवर नेले होते. दोर तुटला नव्हता. दोरावर फक्त वर सरकणारी, खाली न घसरणारी पकड, म्हणजे जुमार, तो पडल्यानंतरही दोराला चावून बसली होती. सामान निर्दोष होते. या पद्धतीत दोराचे एक टोक बुंध्याला बांधतात, दोर उंच फांदीवरून पलीकडे सोडतात आणि त्या लोंबत्या बाजूने चढतात. चढणाऱ्याचा जीव बुंध्याच्या गाठीत असतो. ती गाठ कोणीतरी खालून सोडली होती, आणि त्या दुपारी खाली एकटे कृष्णकांतच होते.

अपूर्व तिचा धाकटा भाऊ. गाठ मारायला त्याला तिनेच शिकवले होते. अहवालाने त्याला अडाणी ठरवले होते, आणि मेलेल्या माणसाकडून खुलासा मागवण्याची सोय सरकारी कागदात नसते.

"त्याच झाडावर चढते, त्याच दोराने," ती संचालकांना म्हणाली. "गाठ माझी विद्यार्थिनी समीक्षा राखेल. तुम्ही नुसते उभे राहा. तेवढा सराव तुम्हाला आहे."

"कादंबरी, ते झाड सोड. दुसरं कुठलंही घे."

"का, सर? दोष गाठीचा होता ना? झाडाने काय केलं?"



पनवेलहून चिरनेरकडे जाताना डोंगराच्या कुशीत तो बेहडा आहे. कळंबोलीच्या ट्रेलरांची घरघर त्या उतारापर्यंत येते. झाडाखाली उभे राहिले की येत नाही. जुन्या आयुर्वेदिक निघंटूंनी बेहड्याला 'भूतवास' म्हटले आहे. अपूर्वच्या निबंधात ती तळटीप तिनेच घालायला लावली होती, वाचकाला जरा हसू यावे म्हणून.

ती चढू लागली. बसायचे, जुमार सरकवायचा, पायावर उभे राहायचे. पुन्हा बसायचे. या लयीत राग चांगला टिकतो. सालीला उन्हाचा कडवट वास होता. मुंग्यांची एक रांग तिच्यासोबत थोडी वर आली आणि परत फिरली. फांद्यांच्या आत शिरल्यावर खालचे दिसेनासे झाले.

मग समीक्षा हसल्याचे ऐकू आले.

"एवढ्या लवकर, मॅडम? काही मिळालं का वर?"

थोडी शांतता. कोणीतरी उत्तर द्यावे इतकी.

"बरं. पाणी तरी घ्या."

कादंबरी एक शब्दही बोलली नव्हती.

"हो मॅडम, सोडते."

दोर बोटभर खाली सरकला.

तिने जवळची फांदी कवटाळली.

"हात काढ," खालून कृष्णकांत ओरडले. "वर बघ आधी. ती वर आहे."

दोर थांबला.

त्यांनी गाठ पुन्हा आवळल्याचे सांगितले. सामान सोडून माणसावर विसंबण्याची ती तिची पहिलीच वेळ, आणि माणूस हा. ती उतरली.

कृष्णकांत गुडघ्यांवर होते, दोन्ही मुठी गाठीवर. समीक्षा कादंबरीकडे बघतच नव्हती. आपल्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघत होती. हातातली पाण्याची बाटली तिने झाकण काढून, कोणाला द्यावी तशी पुढे धरली होती.

"तुम्हाला माहीत होतं," कादंबरी म्हणाली. "तरी त्याच्यावर ढकललंत."

"कोणी विश्वास ठेवला असता?"

"ती अडचण तुमची होती, सर. निस्तरायला लावलीत त्याला." तिने मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू केले. "आता बोला. काही गाळू नका."

मुठी न सोडता ते बोलले:

"गाठ मीच सोडली. अपूर्व माझ्या शेजारी उभा होता, हेल्मेट काढून घाम पुसत. म्हणाला, 'सर, मी आलोय ना खाली, सोडा आता.' मी सोडायला लागलो. तेव्हा वरून त्याचा आवाज आला, 'सर, कोणाशी बोलताय?'"