वीतभर वाकडी

जेवणं झाली, सुनेत्राकाकूंनी बाल्कनीतला दिवा घालवला, आणि शुभ्राने मोबाइल काढून दुपारचा फोटो दाखवला. कुठल्याशा हॉटेलच्या कालव्यातला. व्हेनिसची ती काळी, लांबुडकी, नाकावर लोखंडी फणी असलेली होडी, गोंडोला, आणि तिच्यात ही आणि सिद्धांत दात काढून बसलेले.

"काका, बघा ना, फुल व्हेनिस फील!"

प्रकाशकाकांनी फोटो बघितला. मोठा केला. मग फोन पालथा करून टेबलावर ठेवून दिला. म्हणजे बघा, दुबईत जेएलटीत इतकी वर्षं काढलेला, कशालाही "सोड रे" म्हणणारा माणूस, आणि चक्क फोटो झाकतो!

"What happened, काका?" सिद्धांत म्हणाला.

"काही नाही. वल्हवणारा कुठे उभा होता?"

"At the back."

"मागे, डावीकडे. आणि वल्हं एकच, उजवीकडे. मग होडी गोल गोल फिरायला नको? सरळ कशी गेली?"

सिद्धांतने फोन उलटवून फोटो परत बघितला.

"कारण ती मुद्दाम वाकडी बांधतात. डावी बाजू उजवीपेक्षा वीतभर रुंद. उभ्या माणसाचं वजन आणि वल्ह्याचा रेटा, दोन्ही ती वीत सांभाळते." काकांनी अंधारात पंजा पसरला. "एवढीच. आमच्या ओळखीत एक जण होता. त्याने ती वीत काढून टाकली."

आता एवढं ऐकल्यावर कोण झोपायला जातंय!

तो सुजीत. पुण्याचा. काकांच्या जुन्या ऑफिसात ड्रॉइंग करायचा, शारजात रोल्लाला राहायचा. आणि दोन हजार आठचा तो काळ, त्याचं काय सांगावं! मंदी यायच्या आधी रोज कोणीतरी उठायचं आणि वाळूत काहीतरी उभं करायचं. एका शेठने ठरवलं, उम्म अल कुवेनच्या अलीकडे, हायवेपासून आत, आपण व्हेनिस बांधू. कालवा, पूल, विला, सगळं. आणि चार गोंडोला.

होड्या बांधायला इद्रीस होता. मुरुडचा, बापजाद्यांपासून होड्यांचं काम. करवतीने उजव्या करंगळीचं टोक उडालेलं, त्यावरही हसायचा, "साडेनऊ बोटांत बसवून देतो, बोला!" व्हेनिसहून एक म्हातारा उस्ताद आला होता. त्याने इद्रीसकडून तीन होड्या बांधून घेतल्या, उभं राहून वल्हवायला शिकवलं, आणि तिथली आरोळीपण शिकवली. कालव्याच्या वळणावर पलीकडचं दिसत नाही ना, म्हणून आधी हाक द्यायची, "ओऽऽए!" पलीकडे कोणी असेल तर त्याने ओ द्यायचीच. इद्रीस त्याला आपलं शेपूट जोडायचा. "ओऽऽए... यल्ला!"

उस्ताद परत गेला. चौथीचं ड्रॉइंग सुजीतने केलं. त्याला वाटलं, पहिल्या तीन हाताच्या कामामुळे वाकड्या झाल्यात. त्याने कॉम्प्युटरवर अर्धी होडी काढली आणि मिरर मारला. खलास! दुसरी बाजू तयार.

इद्रीस तर खूश. "बरं झालं सुजीतभाई. त्या तीन बघून मला शरम वाटायची. आमच्या मुरुडात असली वाकडी होडी बांधली असती ना, तर पोरं टाळ्या पिटत माझ्या मागे खाडीपर्यंत आली असती."

"म्हणून तर सुधारली."

दोघांनी त्यावर चहा मारला. हसले.

सप्टेंबरात शेठचे पाहुणे आले. इद्रीस चौथी होडी घेऊन निघाला, मागे डावीकडे उभा, ऐटीत. वळणावर आरोळी दिली. वारं आलं. होडी डावीकडे फिरली, डावीकडेच कलली, आणि इद्रीस होडी आणि दगडी धक्का यांच्या मध्ये गेला.

वर आला तो गेलेलाच.

त्याच रात्री सुजीतने उस्तादाची आणि आपली ड्रॉइंगं एकावर एक ठेवली. तेव्हा कळलं. पण कंपनीने आधीच ठरवलं होतं, वल्हवणाऱ्याला वल्हवता येत नव्हतं. सुजीत गप्प बसला. मग मुरुडहून इद्रीसच्या आईचा, मरियमबीचा फोन आला.

"बाबा, माझ्या पोराला होडी चालवता येत नव्हती असं म्हणतात. पाण्यावर वाढला तो. गाव हसतंय आम्हाला. तुम्ही होतात ना तिथे?"

"होतो, खाला..." सुजीत म्हणाला. "तपास... झालाय सगळा."

पुढे मंदी आली. शेठ एअरपोर्टवर गाडी टाकून पळाला. कालव्याचे पंप बंद, पाणी आटलं, राहिली वाळू.

"And the boats?" शुभ्राने पाय वर घेतले होते.

"तिथेच. शेडमध्ये. ताडपत्रीखाली."

आता तारीख नीट लक्षात ठेवा, काका म्हणाले. चार जानेवारी दोन हजार दहा. बुर्ज खलिफाचं उद्घाटन झालं ती संध्याकाळ. अख्खी दुबई मान वर करून बसली होती. आणि सुजीत एकटा त्या साइटवर. काम साधंच होतं. एका रिसॉर्टने होड्या विकत घेतल्या होत्या, सकाळी ट्रक येणार होता. चारही होड्यांवर लेबलं लावायची, फोटो काढायचे, आणि उद्या सर्व्हेयरसमोर सही करायची, की चारही मूळ नमुन्याप्रमाणे आहेत. सही केली की रिसॉर्टमध्ये नोकरी आणि व्हिसा. त्याच्या बायकोला, वैभवीला आठवा लागला होता. नाही केली तर पोटुशी बायको घेऊन परतीचं विमान.

आणि केली तर? चौथ्या होडीत पुन्हा कोणीतरी उभं राहणार. मागे. डावीकडे.

तो सही करणार होता. ठरवूनच आला होता.

गेटवरचा मुश्ताक टीव्ही बघायला गेलेला. जाता जाता फोनवर म्हणाला होता, "साब, जल्दी निकल जाना. शामको उधर आवाज आता है।"

"कसला आवाज?"

"लकडी का काम."

सुजीत हसला. शेडमध्ये शिरला. टॉर्च लावली. तीन होड्यांना लेबलं लावली, फोटो काढले. चौथीची ताडपत्री ओढली. आत आडवी फळी, तिच्यावर बोटभर धूळ. मधोमध पितळी खिळा. काय वाटलं कोणास ठाऊक, त्याने त्या खिळ्यापासून धुळीत पंजा ठेवला. उजवीकडे, काठापर्यंत. तीन विती. मग डावीकडे. तीन विती.

सरळ. एकदम सरळ.

तेवढ्यात लांब, क्षितिजाशी, बारीकसा उजेड फुटला. फटाके. आवाज नाही. नुसता उजेड.

आणि मग पाणी वाजलं.

चुळुक... चुळुक...

सुजीत वळला. शेडच्या दारातून कालवा दिसत होता. कोरडा. वाळू. एक उलटं पडलेलं घमेलं.

चुळुक...

वल्ह्याचा आवाज. वळणाच्या पलीकडून. जवळ येत होता.

"ओऽऽए..."

टॉर्च हातातून पडली. विझली.

आपल्याकडे सांगतात ना, अंधारात हाक आली तर ओ देऊ नये. ओ दिली की गेलात. सुजीतला ते आठवलं. त्याने तोंडावर हात दाबला. पण दुसरंपण आठवलं. वळणावरच्या हाकेला ओ दिली नाही तर समोरचा येऊन आदळतो. इद्रीसनेच शिकवलेलं.

"ओऽऽए..."

जवळ. शेडच्या मागे.

या वेळी शेपूट नव्हतं. यल्ला नव्हतं. नुसती हाक. वाट बघणारी.

फटाके संपले. सगळं काळं.

चुळुक थांबली. दारात. सुजीतच्या नाकात खाऱ्या पाण्याचा वास आला. आणि ताज्या तासलेल्या लाकडाचा.

"ओऽऽ..."

"ओ!" सुजीत ओरडला. "ओ, इद्रीस! ओ... तुला येत होतं रे. तुला येत होतं. चूक माझी... ती वीत मी काढली..."

काहीच नाही.

काहीच नाही...

मग त्याच्या अगदी पाठीशी, चौथ्या होडीच्या आतून, लाकूड तासायचा वाकस चालायला लागला.

ठक.

ठक. ठक.

सुजीत पळाला. गाडीपर्यंत कसा पोचला, त्याला आठवत नाही.

"Then he signed?" सिद्धांतने विचारलं. काकांनी पाण्याचा ग्लास उचलला, न पिता ठेवला.

नाही. सकाळी ट्रकच्या आधी तो गेटवर हजर. तिथूनच मुरुडला फोन लावला. "खाला, इद्रीसला चालवता येत होतं. होडी चुकीची होती. चुकीची मी काढली. कोणालाही सांगा, माझं नाव सांगा." मग मरियमबी म्हणाली, "थांब बाबा. स्पीकरवर टाकते. शेजारीपाजारी बोलावते. मग परत बोल." आणि तो परत बोलला.

मग सर्व्हेयर आला, इजिप्तचा. सुजीतने त्यालाही सांगितलं. चौथी नेऊ नका, ती सरळ आहे, माणूस मेलाय तिच्यात, मी सही करणार नाही. सर्व्हेयरने टेप लावली. एकदा लावली, परत लावली. मग सुजीतच्या खांद्यावर थाप मारली.

"हबीबी, डोकं ठिकाणावर आहे ना? ह्या चारही एकसारख्या आहेत. वाकड्या. जशा असायला पाहिजेत तशा."

रंगाला तडा नव्हता. कुठे सांधा नव्हता, भुसा नव्हता. फळीवर कालचीच धूळ, बोटभर.

सुजीत वाकला. पितळी खिळ्यापासून उजवीकडे त्याच्या पंजाच्या तीन खुणा, कालच्या. डावीकडेपण तीन. त्यांच्यापुढे काल होडीचा काठ होता.

आज तिथे आणखी एक वीत फळी होती. तिच्यावरही तशीच जुनी धूळ, आणि धुळीत चौथा पंजा.

त्याच्या करंगळीला टोक नव्हतं.