दारातलं पायताण

क्रांतीनं कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या एका गल्लीत वरचा मजला भाड्यानं घेतला तो थोरल्या सम्राटच्या शाळेसाठी. सासर जयसिंगपूरच्या पुढं. तिथं शेत होतं, म्हशी होत्या, माणसांचा राबता होता, पण मनासारखी शाळा नव्हती. नवरा विश्वजित फौजेत हवालदार. नेमणूक पार वर, बर्फात. नक्की कुठं ते तो सांगायचा नाही आणि तीही खोदून विचारायची नाही. गेल्या सुट्टीत त्यानंच हे घर बघितलं, खालच्या मजल्यावरच्या गणपतरावांना हाताशी घेऊन कपाट वर चढवलं, मोरीच्या नळाला नवी तोटी बसवली आणि गेला. त्यानंतर गॅस, टाकीचं पाणी, सम्राटचे पाढे, धाकट्या निशूचा ताप, सगळं हिच्या अंगावर. फौजीच्या बायकोचं कौतुक पंधरा ऑगस्टला होतं. बाकी वर्षभर तोटी गळली की पाना तिलाच हातात घ्यावा लागतो.

निशू म्हणजे निशिगंधा, अडीच वर्षांची. गेल्या सुट्टीत बापानं उचलून घेतलं की ही घसा बसेपर्यंत रडायची. विश्वजित हसण्यावारी न्यायचा. पण निघायच्या दिवशी बॅगेची चेन ओढता ओढता तो थांबला आणि म्हणाला, "पुढच्या खेपेला ही माझ्याकडं आली पाहिजे बघ. बाकी मला काही नको."

क्रांतीनं ते मनावर घेतलं. घासाघासाला ती निशूला मोबाईलवर त्याचा फोटो दाखवायची. "हा कोण? बाबा. म्हण बाबा." निशू घास गिळायची आणि फोटोकडं बघायची. आठवड्यातून कधीतरी रेंज मिळाली की विश्वजितचा चेहरा पडद्यावर यायचा, थरथरायचा, अडकायचा. "मी कोण?" तो विचारायचा. निशू शांतपणे म्हणायची, "काका."

पावसाळा संपत आला तेव्हा पाणी शुद्ध करायची मशीन विकणारा एक माणूस मागं लागला. आधी "साहेब कधी भेटतील?" असं विचारून गेला. दुसऱ्यांदा विचारताना त्यानं उंबऱ्यावरून आत मान घालून बघितलं. क्रांतीनं दार लावून घेतलं खरं, पण दुपारभर तिचं कशात लक्ष लागेना. संध्याकाळी तिनं घरमालकिणीला सांगितलं. ही गणपतरावांची बायको. सगळी गल्ली तिला आक्का म्हणायची.

"त्यात काय एवढं," आक्का म्हणाली. "दारात गड्याचं पायताण असू दे की. बाईमाणूस एकटं हाय, हे दारानं कशाला सांगाय पायजे?"

विश्वजितनं सुट्टीत घेतलेला कोल्हापुरी जोड कपाटाखाली पडून होता. जाड तळाचा, चालताना करकरणारा. त्यानं तो दोन-चारदाच घातला, तोवर बोटं सोलून निघाली आणि सुट्टी संपली. क्रांतीनं तो पुसून दाराबाहेर ठेवला, टाचा जिन्याकडं करून, माणूस नुकताच आत गेल्यासारखा. शिवाय ती एक नाटकही शिकली. बेल वाजली की दार उघडायच्या आधी मोठ्यानं आत हाक मारायची, "अहो, कोण आलंय बघते हां." कधी म्हणायची, "अंघोळीला गेलेत." कधी, "आत्ताच डोळा लागलाय त्यांचा."

मशीनवाला पुन्हा फिरकला नाही. क्रांतीला स्वतःच्या हुशारीचं हसू आलं. निशू मात्र प्रत्येक वेळी तिच्या पायाशी उभी राहून ऐकत असायची, हे तिच्या ध्यानात यायला फार उशीर झाला.

दिवाळी उलटल्यावर एका सकाळी झाडताना तिनं तो जोड बाजूला सरकवला आणि तिचा हात थबकला. न वापरलेलं चामडं धुळीनं आणि उन्हानं कडक व्हायला हवं. हे मऊ झालं होतं. टाचेची बाहेरची कड झिजली होती आणि अंगठ्याची पट्टी चांगली सैल पडली होती. रोज पायात असल्याशिवाय असं होत नाही, हे कोल्हापुरात कुणाला सांगावं लागत नाही.

म्हणजे कुणीतरी हे घालत होतं.

तिचा पहिला संशय गणपतरावांवर गेला. म्हातारा दिवसभर घरी, आणि वरच्या मजल्याची जादा किल्ली खाली त्यांच्याच खुंटीला. तिनं आक्काकडं आडून विषय काढला. आक्का खो खो हसली. "आमच्या मालकांचा पाय बघितलास न्हवं? सुजून रताळं झालाय. रबरी सपात चढंना त्यांच्या पायात."

क्रांतीही हसली, पण घरी येऊन तिनं कडी-कोयंडा हलवून बघितला.

त्याच आठवड्यात गॅसचा माणूस सिलिंडर खांद्यावर घेऊन आला. धापा टाकत म्हणाला, "वैनी, खालीच ठेवून जाणार हुतो. साहेब म्हटलं, वर न्हे."

"कोण साहेब?"

"तुमचं की. जिन्यात हुभं हायत." त्यानं मागं बघितलं. जिना रिकामा होता. "गेलं वाटतं भाईर."

तिनं त्याला काही सांगितलं नाही. नवरा इथं नाही हे ती कशी सांगणार? इतके महिने उलटंच सांगत आली होती. कुणीतरी तिच्या नवऱ्याच्या नावावर या घराच्या आसपास वावरत होतं आणि दोन लेकरं घेऊन ती आत झोपत होती. दुपारीच तिनं कुलूपवाल्याला बोलावून नवं कुलूप बसवलं आणि जादा किल्ली खाली दिली नाही.

आक्काला ते लागलं असावं. पण बोलली वेगळंच. लसूण सोलता सोलता म्हणाली, "तुझं मालक लई अबोल बाई. काल जिन्यात भेटलं. जेवलासा काय म्हटलं, तर नुसतं बघितलं माझ्याकडं."

"आक्का, ते ड्युटीवर आहेत. तुम्हाला माहीत आहे की."

आक्काचे हात थांबले. कपाळाला आठी पडली. "व्हय की," ती म्हणाली, "तू म्हटलीवतीस." आणि पुन्हा लसूण सोलायला लागली.

क्रांतीला राग आला. ही बाई कुणाला तरी पाठीशी घालतेय, अशी तिची खात्रीच पटली. पायताण ठेवायची अक्कल हिनंच दिली होती. मग ती सगळ्यांकडंच डोळ्यात तेल घालून बघायला लागली. दूधवाला, इस्त्रीवाला, तालमीच्या कट्ट्यावर बसणारे, सम्राटला सोडणारा रिक्षावाला. ती प्रत्येकाच्या पायांकडं आधी बघायची आणि तोंडाकडं नंतर.

एकदा ती ओट्यापाशी असताना निशू जाळीच्या दारातून हात बाहेर काढून उभी होती. हातात अर्धं बिस्कीट.

"कुणाला देतेस?"

"बाबाला."

क्रांतीनं दार उघडलं. बाहेर कुणी नव्हतं, खालून आक्काच्या टीव्हीचा आवाज तेवढा येत होता. तिनं निशूचे दोन्ही खांदे धरले. "कसा दिसतो बाबा? सांग मला. फोटोतल्यासारखा?"

निशूला प्रश्नच कळला नाही. "बाबा अंघोळीला गेलता," ती म्हणाली, "आता आलाय."

क्रांती खाली बसली. आपणच हे पोरीला शिकवलं. फोटो दाखवून जे जमलं नव्हतं, ते त्या खोट्या हाकांनी झालं होतं. बाबा म्हणजे जो दाराबाहेर असतो आणि ज्याला आई हाका मारते, तो. तिला स्वतःची विलक्षण लाज वाटली. निदान कारण सापडलं, पोरीच्या मनाचे खेळ आहेत, असं म्हणून तिनं जीव थोडा थंड केला. तो जोड उचलून पिशवीत घातला, पिशवीला गाठ मारली आणि माळ्यावर टाकला. हाका मारणं बंद केलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलांशेजारी ती आडवी झाली होती. जिन्यात आवाज आला. करकर, करकर. सावकाश, एकेक पायरी. दारापाशी येऊन थांबला. बेल वाजली नाही. ती उठून जाळीतून बघत राहिली. ऊन पडलेली जिन्यावरची मोकळी जागा आणि सम्राटची सायकल, एवढंच होतं.

तिनं स्टूल घेतलं आणि पिशवी खाली काढली. गाठ तिनंच मारलेली, तशीच होती. आत हात घातला. चामडं गरम होतं, नुकतंच पायातून काढल्यासारखं.

रविवारी धाकटा दीर पिराजी दूध आणि शेंगा घेऊन आला. तिनं त्याला काहीही न सांगता तो जोड पुढं केला. "भाऊजी, घेऊन जा. ह्यांना चावतो."

पिराजीनं पायात घालून बघितला. पुढं सरकवला, मागं सरकवला, मग काढून उन्हात धरला. तळव्यावर पायाचा ठसा काळा उमटला होता. त्या ठशाची टाच आणि बोटं कडेपर्यंत गेली होती.

"वैनी, हे दादाचं न्हवं," तो म्हणाला. "दादाचा पाय माझ्याहून ल्हान हाय. ह्यो कुणाचा पाय म्हणायचा?"

त्याच्या विचारण्यातला सूर तिला कळला. घरात कोण येतं, असं विचारत होता तो. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, संतापानं. "दुकानदारानं मोठा दिला असेल," ती म्हणाली.

पिराजीनं जोड खाली ठेवला. "मी जोतिबाला चाललोय. तिथं सोडतो. पायताण देवाच्या दारात ऱ्हायलं की पीडा जाती म्हणत्यात." त्यानं जोड कागदात गुंडाळला आणि चहा न घेताच गेला.

त्यानंतर जिना शांत झाला. आक्कानंही जिन्यातल्या माणसाचा विषय काढला नाही. निशू दारात जायची, थांबायची, परत यायची. क्रांतीनं पुन्हा मोबाईलवरचे फोटो दाखवायला घेतले. "हा कोण?" निशू उत्तर देईना, पण काका म्हणणं तरी सोडलं, एवढ्यावर क्रांतीनं समाधान मानलं.

विश्वजितला सुट्टी मंजूर झाली.

तो आला तो भरदुपारी. सम्राट शाळेत होता. क्रांतीचे हात पुरणात. दाढी वाढलेली, ओठ फुटलेले, चेहरा करपून काळा, पण तोच. तिला रडूच फुटलं. त्यानं बॅग खाली टाकली आणि हसत म्हणाला, "आक्कानं मला वळखलंच नाही. म्हणती कशी, या पावणं, मालक भाईर गेल्यात, येतील एवढ्यात."

क्रांतीचं रडू थांबलं. "दाढीमुळं असेल," ती म्हणाली. तिनं दार लावलं. खालची कडी घातली, मग वरचीही.

विश्वजित फरशीवरच बसला. बॅगेतून अक्रोड काढले, लोकरीची टोपी काढली, मग एक कापडी बाहुली. निशू क्रांतीच्या मागं उभी होती.

"निशू, मी कोण?"

निशूनं त्याच्याकडं बराच वेळ बघितलं. या वेळी ती रडली नाही. जवळ गेली, बाहुली घेतली.

क्रांतीचा जीव डोळ्यांत गोळा झाला. "अगं, बाबा आहे तो. म्हण."

"काका," निशू म्हणाली. "तू जा आता. बाबा यायलाय."

विश्वजित हसला, पण चेहरा पडला होता त्याचा. "असू दे," तो क्रांतीला म्हणाला. "होईल हळूहळू."

तेवढ्यात खालून, जिन्याच्या तोंडाशी, आक्काचा खणखणीत आवाज आला. "अवो, पायरीवर का बसलाय? पावणं आल्यात म्हणून काय झालं? घर तुमचंच हाय की. जावा वर."

विश्वजितनं क्रांतीकडं बघितलं. "कोण आहे खाली?"

नवऱ्याच्या नजरेत पिराजीचाच प्रश्न हळूहळू उमटताना तिला दिसत होता.

निशूच्या हातातली बाहुली खाली पडली. तिचा चेहरा असा काही फुलला की क्रांतीनं तो तसा कधी बघितला नव्हता. एवढ्या एका आनंदासाठी तिनं वर्षभर जिवाचं रान केलं होतं.

"बाबा," म्हणत निशू धावत सुटली.

विश्वजितनं नकळत दोन्ही हात पुढं केले. ती त्याच्या अंगाला घासून पुढं गेली.

दाराच्या दोन्ही कड्या लावलेल्याच होत्या. निशू दारापर्यंत गेलीच नाही. अलीकडंच, रिकाम्या फरशीवर थांबली आणि उचलून घे म्हणून तिनं हात वर केले.