हुगळीचं पाणी

"साहेब, उद्या मले पोलीस नेतील जी," देवकी म्हणाली आणि उंबऱ्यातच बसली.

मंगळवारची सकाळ होती. मे महिन्याचं ऊन आठ वाजताच अंगावर येत होतं. खाजगी तपासनीस गोपाळराव यांनी हातातला चहा खाली ठेवला. त्यांचा जोडीदार धोंडबा, पेन्शनीतला हवालदार, नाइलाजाने पायांत चपला सरकवू लागला. त्याने बातमी वाचली होती. प्रतापनगरातले निवृत्त रेल्वे गार्ड रुपराव सोमवारी संध्याकाळी स्वतःच्या विहिरीत मेलेले सापडले. डोक्याला मागून मार होता. मृत्यूची नक्की वेळ डॉक्टरांना सांगता आली नव्हती.

देवकी त्यांच्याकडे स्वयंपाकाला होती.

रुपरावांच्या बैठकीत काचेची मोठी टाकी होती. जाळीच्या झाकणावर वरवंटा ठेवलेला. आत मातीच्या नळकांड्यातून एक तपकिरी डोकं बाहेर आलं आणि तोंडाची उघडझाप करू लागलं.

"साप!" धोंडबा मागे सरला.

"वाम हाय जी, मासाच," देवकी म्हणाली. "काकांनी बारा वर्सांमागं कलकत्त्याहून डब्यातून आणली. हुगळी म्हनत तिले. तिले दिसत नाई, वासावर खाते. इतवारी तिचे झिंगे मांजरीनं खाल्ले, तर काका मले केवढे बोलले! साऱ्या गल्लीनं आयकलं. आता पोलीस तेच धरून बसले."

"सोमवारी तू किती वाजता आलीस?"

"आठले. शालिकरामभाऊ घरी होते, काकांचे पुतणे. म्हनले, काका आत्ताच टाकी भरून फिरायले गेले. टाकी रेघेपर्यंत भरली होती, बादली ओली. मग भाऊ काटोलच्या बसले गेले. दिवसभर मी एकटीच."

पाणी आज भरण्याच्या रेघेपासून दोन बोटं खाली गेलं होतं.

"रोज एवढं उडतं?"

"उन्हाळ्यात उडतेच. काका रोज सात वाजता भरत."

"कसं?"

"नळाचं साधं पाणी. मीठ फक्त इतवारी, जुनं पाणी काढून नवं घालतात तवा. तिले खारं लागते."

"भर बरं, रोजच्यासारखं."

देवकीने रेघेपर्यंत पाणी ओतून ढवळलं. टाकीत शिशाचे छर्रे भरलेली एक काचेची नळी उभी तरंगत होती. नळीला लाल दोरा बांधलेला होता.

"हा दोरा कशाला?"

"इतवारी तो पान्याच्या बरोबरीत आला की काका म्हनत, झालं."

आज दोरा पाण्याच्या अर्धा बोट वर होता. गोपाळराव बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिले. धोंडबानेही पाहिलं. त्याला एक दोरा दिसला.

शेजारच्या अंजनाबाई कुंपणापाशी उभ्याच होत्या. "इतवारी रात्री काका-पुतण्याचं वाजलं. रुपराव म्हनत होते, मीही काटोलले येतो, पोरीच्या बापाले सांगतो. काय सांगतो, ते आयकू नाई आलं. पोराची काटोलले सुपारी फुटायची होती, लग्न ठरत होतं."

शालिकराम ओसरीवर डोळे पुसत होता. तो गोंदियाच्या राइस मिलमध्ये कामाला होता. "मी दर शनिवारी रात्री येतो, सोमवारी पहाटेच्या गाडीनं जातो. या खेपेला काटोलले जायचं म्हणून थांबलो. काकांनी माझ्यासमोर टाकी भरली, साहेब. ते शेवटचं दर्शन."

परतताना धोंडबा म्हणाला, "बाईचं कठीणच आहे. सात वाजता म्हातारा जिवंत, त्यानंतर घरात तीच."

"सात वाजता जिवंत होता, हे कोण म्हणतं गा?"

"टाकी म्हणते ना!"

"टाकी वेगळंच म्हणते आहे."

बुधवारी सकाळी गोपाळरावांनी ठाणेदारांना रुपरावांच्या घरी बोलावून घेतलं. देवकीला न्यायला दोन शिपाईही आले होते. पाणी पुन्हा दोन बोटं उतरलं होतं.

"शालिकराम, काकांनी सोमवारी भरली तशी भरून दाखवा."

शालिकरामने बादली भरली. मग फळीवरचा डबा काढून तीन मुठी मीठ बादलीत टाकलं.

"अगा बाई!" देवकी किंचाळली. "मीठ काहून? आज इतवार हाय का?"

शालिकरामचा हात डब्यातच राहिला.

"पाणी उडतं, मीठ मागेच राहतं," गोपाळराव म्हणाले. "म्हणून रुपराव रोज साधं पाणी घालत. खारेपणा वाढला की नळी वर उचलली जाते, मिठाच्या पाण्यात अंडं तरंगतं तशी. रविवारी दोरा पाण्याच्या बरोबरीत होता. काल साधं पाणी भरूनही तो वरच होता. मधे कुणीतरी मीठ घातलं. बारा वर्षं हुगळी सांभाळणारा माणूस ही चूक करणार नाही. देवकीला नेम तोंडपाठ आहे. ही चूक फक्त रविवारचंच भरणं पाहिलेला माणूस करतो. सोमवारी सातला तुम्ही नेहमी गाडीत असता."

गोपाळरावांनी मिठाची बादली बाजूला सरकवली.

"काका पहाटेच विहिरीत गेले होते. टाकीचं पाणी उतरलेलं दिसलं असतं तर देवकीने विचारलं असतं. म्हणून तुम्ही ती भरलीत, आणि काकांनी भरली असं सांगितलंत. पोरीच्या बापाला काय सांगणार होते ते?"

शालिकराम खाली बसला. "गोंदियाले बायको हाय माही," तो म्हणाला. "दोन वर्सं झाली."

ठाणेदार आणि शिपाई त्याला घेऊन गेले. बैठकीत तिघंच उरली.

देवकीने ती बादली मोरीत ओतली. गोपाळरावांनी सांगितलं तसं थोडं खारं पाणी काढून साधं भरलं. दोरा हळूहळू पाण्याला टेकला. मग तिने जन्मात पहिल्यांदा झिंगा चिमटीत धरून हात टाकीत घातला.

हुगळी बाहेर आली. तिने बोटांभोवती एकदा वास घेतला, आणि झिंगा न शिवता नळकांड्यात परत गेली.

"काकांच्या हाताचा वास नाई," देवकी म्हणाली. तिने झाकण लावलं, वर वरवंटा ठेवला. "उद्या सातले येऊन पाहीन."